रात्रीच्या शंकरपाळ्यांचा हिशोब

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यातली एक वाचक, वय ३६, आयटीत नोकरी, मुलगा तिसरीत. तीन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून धावायला लागली, ७१ किलोची ५६ झाली, आता जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर, करायची आहे. आठवड्याला साधारण ५५ किलोमीटर धावते, रविवारी लाँग रन. मोबाईलमध्ये खाण्याचं ॲप आहे, त्यात रोजचं टार्गेट १५०० कॅलरी. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्या वेळातच खाते, शिवाय संकष्टी. गेले दोन महिने २२-२३ किलोमीटरनंतर पाय उचलत नाहीत, रात्री तीनला झोप मोडते, ऑफिसात सगळे नुसत्या शर्टात असताना हिला स्वेटर लागतो, डावी नडगी दुखते, चार महिने पाळी नाही ("ट्रेनिंगमुळे असेल ना? ग्रुपमध्ये अजून दोघींचं तसंच आहे"). सासूबाई म्हणतात गालफडं बसलीत, ग्रुपवाले म्हणतात काय फिट झालीस. आणि एवढं सगळं लिहून शेवटी प्रश्न काय, तर "रात्री अकरा-साडेअकराला सगळे झोपले की मी किचनमध्ये जाते आणि दिवाळीचे उरलेले शंकरपाळे डब्यातूनच उभ्याने खाते, लाईटही लावत नाही. सकाळी स्वतःचा राग येतो, मग ते भरून काढायला त्या दिवशी कमी खाते. ताई, मनावर ताबा कसा ठेवू?"

अगं, ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते.

जी बाई नोव्हेंबरच्या थंडीत पहाटे साडेचारला उठून, मुलाचा डबा अर्धा करून ठेवून, एकटी एनडीए रोडला २४ किलोमीटर धावून येते आणि आल्यावर बारा वाजेपर्यंत ब्लॅक कॉफीवर राहते तिला मी मनावरचा ताबा काय शिकवणार? तुझ्याकडे ताबा जरा जास्तच आहे असं माझं मत झालंय. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की या सगळ्या दिनक्रमात शहाण्यासारखी एकच गोष्ट होतेय, ती म्हणजे ते शंकरपाळे. तेवढंच एक तुझं शरीर तुझ्याकडून जबरदस्तीने करून घेतंय. दिवसभर तू वाण्याच्या वहीत उधारी लिहून ठेवतेस आणि रात्री तो वसुलीला येतो. त्याला दारातून हाकलायचं कसं हे तू मला विचारतेयस, पण पैसे द्यायचेत की नाही हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठे नाहीच.

आता हिशोब करू, तुला आकडे आवडतात असं दिसतंय. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जाते. हा ढोबळ नियम आहे पण हातातलं स्मार्ट घड्याळ दाखवतं त्यापेक्षा वाईट नाही. म्हणजे तू ५६ किलोची, रविवारी २४ किलोमीटर, झाले १३४४. त्या दिवशी तू खाल्लंस १५००, फार तर शंकरपाळे धरून १८००. पहिला आकडा धरला तर उरले दीडशे. दीडशे कॅलरीत तुझं हृदय, मेंदू, लिव्हर, हाडं, केस, पाळी, झोप, दुपारचा मुलाचा अभ्यास आणि सोमवारची स्टँडअप मीटिंग. एका केळ्यापेक्षा थोडं जास्त. शंकरपाळे धरले तर साडेचारशे, म्हणजे त्या दिवशी तुझं घर चालवलं ते शंकरपाळ्यांनी.

रविवार सोड, आठवड्याची सरासरी घेऊ. ५५ किलोमीटर म्हणजे आठवड्याला तीन हजारांवर, रोजचे ४४०. खेळाडूंचे डॉक्टर एक हिशोब करतात, की खाल्लेल्यातून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि उरलेलं, चरबी वगळून जे वजन राहतं त्याने भागायचं. तुझं चरबी वगळून समज ४४ किलो धरलं. पंधराशेतून ४४० गेले, १०६० उरले, भागिले ४४ म्हणजे २४. हा आकडा बाईमाणसाचा ४५ च्या आसपास असला तर शरीर आनंदात असतं आणि ३० च्या खाली बरेच दिवस राहिला तर शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. तीस ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाला आधी त्रास होतो कुणाला नंतर, पण तू चोवीसला आहेस. पंचेचाळीसवर यायचं तर तुला रोज २४०० च्या आसपास लागतील. पंधराशे आणि चोवीसशे. मधले नऊशे रोज कुठून येतायत असं तुला वाटत होतं?

ते कुठून येतायत ते तूच पत्रात लिहिलंयस, फक्त वेगवेगळ्या ओळींत. थंडी वाजते कारण शरीराने शेगडी बारीक केलीय. झोप तीनला मोडते. पाळी बंद, कारण जिथे रोजचं भागत नाही तिथे बाळाची तयारी कोण करणार. आणि पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी, इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडांची डागडुजी मागे पडते, आणि त्याच हाडांवर तू आठवड्याला ५५ किलोमीटर आपटतेयस. नडगी म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या गोतावळ्याला एकत्र नाव दिलं, रेड-एस, म्हणजे खेळाडूला खेळाच्या मानाने ऊर्जा कमी पडणे. त्याच्या आधी फक्त बायकांचा त्रास म्हणून बघायचे, आता पुरुषांनाही होतो हे मान्य झालंय. "ग्रुपमध्ये दोघींचं तसंच आहे" याचा अर्थ ते नॉर्मल आहे असा होत नाही गं, याचा अर्थ त्या दोघींनाही हे वाचायला दे.

आता ते १५०० कुठून आले ते आठव. मला खात्री आहे की ॲपमध्ये ते तू ७१ किलोची असताना, वजन कमी करायचंय हे बटण दाबून, दिवसभर बसून काम करते असं लिहून घेतलेलं टार्गेट आहे. तेव्हा ते बरोबरही असेल. पण ती बाई आता राहिलीच नाही, तिच्या मापाचा ड्रेस तू आज घालणार नाहीस मग तिच्या मापाचं ताट का?

हलकं झालं की फास्ट होतो हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असतं तेच जास्त फसवतं. ७१ वरून ६१-६२ पर्यंत तुझा पेस नक्की सुधारला असणार. पण एक कर, घड्याळातलं रेकॉर्ड काढ आणि जूनमधला दहा किलोमीटरचा रन आणि आत्ताचा, दोन्हीत हृदयाचे ठोके आणि वेळ शेजारी ठेवून बघ. जूनपासून वजन आणखी उतरून तू फास्ट झालीयस की त्याच पेसला जास्त धापा टाकतेयस? उत्तर मला कळवू नकोस, स्वतःला कळलं तरी बास.

२२-२३ ला पाय का थांबतात तेही यातच आहे. शरीरात साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायू आणि लिव्हर मिळून चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास मावतो, भरलेला असला तर बऱ्याच जणांना ३० किलोमीटरपर्यंत नेतो. तू शनिवारी रात्री आठला सॅलड आणि सूप घेऊन झोपतेस, पहाटे काही न खाता निघतेस. टाकी अर्धी भरून मुंबईला निघायचं आणि खोपोलीला बंद पडली की इंजिनला शिव्या द्यायच्या.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, भोगून सांगतेय. माझी दुसरी फुल मुंबईलाच होती, तेव्हा मी तेल-तूप-भात बंद करून बसले होते आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. सी लिंकवर काय तो वारा, काय तो सूर्योदय, मी आपली उडतेय. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला आणि पायाखालचा रस्ता तिरका दिसायला लागला. मी कठड्याला धरून उभी राहिले. एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात सोललेली संत्री आणि ग्लुकोजची बिस्किटं. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, बिस्किट माझ्या तोंडात कोंबलं आणि म्हणाल्या, "घरी जेवायला देत नाहीत का गं?" देत होते. मीच घेत नव्हते. पुढच्या सात किलोमीटरला मला दीड तास लागला आणि दोन महिन्यांनी पायाच्या पंजात हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं.

बरं, आता काय करायचं. आधी डॉक्टर, खाणं त्याच्याबरोबरच पण डॉक्टर आधी. नडगीवर एक बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर आजपासून धावणं बंद, चालणंसुद्धा बेताने. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही बरेचदा, त्यामुळे एक्स-रे क्लिअर आहे म्हणून रविवारी पळायला जाऊ नकोस, ऑर्थोला एमआरआयचं विचार. चार महिने पाळी नाही म्हणजे गायनॅककडे जायची वेळ होऊन गेलीय. जायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर, हसू नकोस, सगळे डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आणि तिथे गेल्यावर "आठवड्याला ५५ किलोमीटर धावते आणि १५०० खाते" हे वाक्य स्वतःहून बोल, कारण तुझ्याकडे बघून कुणाला ते सुचणार नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी१२, डी हे बघतीलच. एक लक्षात ठेव, पाळी आणायच्या गोळ्यांनी ब्लीडिंग येईल पण मूळ तूट भरत नाही, त्यामुळे पाळी आली, सुटले, असं समजून परत पंधराशेवर जाऊ नकोस.

मग खाणं. नऊशे कॅलरी ऐकायला डोंगर वाटतो, पण तुझ्या घरात त्या चार ठिकाणी पडलेल्या आहेत. पहाटे निघताना एक केळं आणि दोन खजूर, दीडशेच्या आसपास. धावून आल्यावर तासाभरात म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास साखर घालून, आणि पोहे, शेंगदाणे जरा सढळ हाताने, वरून लिंबू, इथेच चारशे-साडेचारशे होतात. दुपारच्या डब्यात दोनाच्या तीन पोळ्या आणि घरी असशील तेव्हा वरण-भातावर एक मोठा चमचा तूप, नुसतं ते तूपच सव्वाशेचं. संध्याकाळी पाच वाजता मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. बघ बेरीज करून, नऊशे ओलांडले असतील आणि यात एकही गोष्ट ऑनलाइन मागवावी लागली नाही. एकदम जमणार नाही, पोट फुगेल, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचं घाल, मग पुढचं.

सकाळचंच आधी का सांगतेय? कारण किती खातेस याइतकीच मोठी चूक कधी खातेस ही आहे. तू आठला धावून येतेस आणि बाराला खातेस, म्हणजे ज्या चार तासांत शरीर सगळ्यात जास्त मागतंय तेव्हाच दुकान बंद. बारा ते आठ वाला प्रकार बसून काम करणाऱ्या माणसाने करावा, करायचा तर. मॅरेथॉनचं ट्रेनिंग आणि ते एकत्र नको. आणि "आल्यावर भूकच नसते" असं तू लिहिलंयस, ती नसतेच, जोरात पळून आल्यावर तास-दोन तास भूक दबलेली असते आणि लोकांना वाटतं शरीर मागत नाहीये. म्हणून त्या वेळी भूक न विचारता खायचं. जेवण जात नसेल तर पिऊन घे, लस्सी चालेल, केळ्याचं शिकरण पातळ करून चालेल, माझं आवडतं म्हणजे नाचणीची आंबील ताक-मीठ घालून आणि बरोबर गुळपोळी.

दुसरं म्हणजे तुझं ताट फार "हेल्दी" आहे. मोठा बाउल काकडी-गाजर, मोड आलेली मटकी, पालेभाजी, एक भाकरी. चांगलं आहे सगळं, पण यात पोट भरतं आणि खिसा रिकामा राहतो. सॅलड जेवणाच्या शेवटी खा आणि उरलं तर उरू दे. शनिवारी रात्री तर सरळ मऊ भात, वरण, तूप, बटाट्याची भाजी. रात्री भात खाल्ला की चरबी होते हे तुला ज्याने सांगितलं तो दुसऱ्या दिवशी २८ किलोमीटर धावणार होता का?

लाँग रनमध्ये खायचं कसं हेही लिहिते कारण बरेच जण विचारतात. दीड तासाच्या वरच्या रनला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स लागतात. एका केळ्यात २५ च्या आसपास, बाजारात रनरसाठी एनर्जी जेलच्या पुड्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच पुड्यांमध्येही तेवढेच. जेल महाग वाटत असेल तर खजूर, गूळ, राजगिऱ्याची चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, सगळं चालतं, फक्त रेसच्या दिवशी पहिल्यांदा नको, आतड्यालाही प्रॅक्टिस लागते. आणि भूक लागायच्या आधी, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पहिला घास. वारीत बघितलंयस ना, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास माणसं चालतात, साठी-सत्तरीची, आणि दर टप्प्याला कुणीतरी हातात केळं देतं, कुठे चहा, कुठे राजगिऱ्याचा लाडू, कुठे पिठलं-भाकरी, आणि कुणी नाही म्हणत नाही. "मी बारानंतर खाते" म्हणणारा वारकरी मला अजून भेटायचाय.

संकष्टीचं नाजूक आहे, मी स्वतः करत नाही म्हणून तुला सोड म्हणणार नाही. पण पहाटे इंटर्व्हल (आलटून पालटून जोरात-हळू धावणं) मारून मग चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं हे बाप्पाने सांगितलेलं नाही. त्या दिवशी रेस्ट डे घे, किंवा उपासाचं का होईना पण तीन वेळा खा, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, रताळं, ही तर रनरचीच थाळी आहे. लोहासाठी एक बारीक गोष्ट, जेवणाबरोबर चहा नको, तासभर अंतर ठेव.

जास्त खायला लागलीस की पहिल्या दोन आठवड्यांत काटा किलो-दीड किलो वर जाईल आणि तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते. साखरेचा साठा भरताना प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं, ते वजन आहे. तेवढे दिवस काटा कपाटावर टाक. ॲपचंही तसंच, एकदा आठवडाभर प्रामाणिकपणे चोवीसशेचा दिवस कसा दिसतो ते बघायला वापर, अंदाज आला की काढून टाक. आणि आकडा वाढवायच्या नुसत्या कल्पनेने घशाशी येत असेल, किंवा रात्रीचं खाणं उलटी करून काढावंसं वाटत असेल, तर हे प्रकरण माझ्या सदराच्या बाहेरचं आहे, काउन्सेलरकडे जा, लवकर जा.

राहता राहिली जानेवारी. नडगी क्लिअर निघाली तर तीन आठवडे किलोमीटर निम्मे करून खाणं पूर्ण कर आणि मग ठरव, फुल सावकाश करायची की ती सोडून देऊन एखादी हाफ करायची. फ्रॅक्चर निघालं तर ठरवण्यासारखं काही नाही, यंदा पेडर रोडला डबा घेऊन तू बस. मला विचारशील तर फ्रॅक्चर नसलं तरी मी या वर्षी फुल सोडली असती. एंट्रीचे पैसे गेले, ग्रुपवर टीशर्टचा फोटो राहिला, हे सगळं खरंय आणि वाईट वाटणार, पण ही रेस २००४ पासून होतेय, कोविडची दोन वर्षं सोडली तर दर वर्षी, पुढच्याही जानेवारीत असेल.

पुरुष वाचकांनी "आपल्याला पाळी नाही म्हणजे आपण सुटलो" असं समजू नये. कामेच्छा कमी होणं, चिडचिड, सारखी सर्दी, एक दुखणं बरं झालं की दुसरं, हीच यादी तुमचीही. भरतीची तयारी करणारी पोरं मेसच्या दोन चपात्यांवर दोन-दोन वेळा ग्राउंड मारतात, त्यांनी तर आधी वाचावं, शेंगदाणे-गूळ-केळी एवढं खिशाला परवडतं. डायबिटीस असलेल्यांनी मात्र गूळ-खजुराचे माझे सल्ले डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सासूबाईंबद्दल एक राहिलं. गालफडांबद्दल त्या बरोबर आहेत, तसं त्यांना सांगायची गरज नाही. फक्त डबा वरच्या फळीवरून खाली ओट्यावर काढून ठेव आणि संध्याकाळी पाचला, लाईट लावून, वाटीत घेऊन, बसून खा. संपले असतील तर त्यांनाच विचार अजून एक घाणा काढाल का.